नवा संघ कोणत्या शहराला द्यावा?

भिलाई शहराचे दोन भाग आहेत आणि त्यांच्यामधून मुंबई–हावडा लोहमार्ग जातो. लोहमार्गाच्या दक्षिणेस पोलाद कारखान्याची आखीव नगरी आहे. सरळ रस्ते, क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे, प्रत्येक सेक्टरात शाळा आणि मैदान, अशी तिची रचना आहे. उत्तरेस ग्रेट ईस्टर्न मार्गाच्या पलीकडे सुपेला, वैशाली नगर इत्यादी वस्त्या आहेत. कारखान्याची नोकरी संपली की कारखान्याचे घर सोडावे लागते; तेव्हा अनेक निवृत्त कामगार अशा वस्त्यांत स्वतःचे घर बांधून राहतात. त्यांच्या शेजारी व्यापारी, शिक्षक, खाजगी कारखान्यांतील कारागीर राहतात. विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या वडिलधाऱ्यांची मराठी घरेही येथे आहेत. वैशाली नगरातील कुटुंबाला बास्केटबॉलचा चांगला सामना पाहावयाचा असेल, तर रूळ ओलांडून सेक्टर १ मधील पंत स्टेडियमकडे जावे लागते.

अंतर फार नाही. परंतु शहराला धंदेवाईक संघ मिळावा की नाही, हा प्रश्न ज्याला सोडवावयाचा आहे, त्याने विचाराला ह्या रुळांपासूनच आरंभ केला पाहिजे. खेळाची परंपरा, मैदाने आणि प्रशिक्षक हे सर्व एका बाजूला आहे. तिकीट विकत घेऊन सामना पाहू शकेल असा प्रेक्षक मोठ्या संख्येने दुसऱ्या बाजूला आहे. पहिली बाजू कारखान्याच्या व्यवस्थेखाली, दुसरी महानगरपालिकेच्या. संघ मागण्यासाठी ह्या शहराच्या वतीने अर्ज कोण करणार, हे त्यामुळेच सहज सांगता येत नाही.

संघ ‘मिळणे’ म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. युरोपातील बहुतेक देशांत संघ कोणी कोणाला देत नाही. गावात क्लब असतो, तो खालच्या श्रेणीत जिंकतो आणि वरच्या श्रेणीत जातो. हरला तर खाली येतो. लिथुआनियातील काउनास हे सुमारे तीन लाख वस्तीचे शहर आहे. तेथील झालगिरिस हा क्लब १९४४ साली स्थापन झाला आणि १९९९ साली त्याने युरोपचे विजेतेपद मिळविले. काउनास संघाला योग्य आहे काय, असा विचार करण्यासाठी कधी समिती बसली नाही. अमेरिकेत पद्धत निराळी आहे. तेथे संघांची संख्या ठरलेली असते. ती वाढवावयाची की नाही हे असलेल्या संघांचे मालकच ठरवितात आणि नव्याने येणाऱ्याकडून प्रवेशशुल्क घेतात. भारतात क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल व बास्केटबॉल ह्यांच्या लीग निघाल्या त्या ह्या दुसऱ्या पद्धतीने. म्हणून अमेरिकेचा अनुभव आपल्याला जवळचा आहे, मग तो आवडो वा न आवडो.

पिस्टनचा कारखाना आणि इतर गावे

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ ह्यांनी शोधून काढला. परंतु त्याचा धंदा प्रथम उभा राहिला तो पुष्कळ अंशी मध्य-पश्चिमेकडील कारखान्यांच्या गावांत. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे फ्रेड झोलनर ह्यांचा मोटारींच्या पिस्टनचा कारखाना होता. १९४१ साली त्यांनी आपल्या कारखान्याच्या नावाने संघ काढला. अँडरसन येथील संघामागे मांसप्रक्रियेचा उद्योग होता आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. शिबॉयगन हे तर पन्नास हजारांहून कमी वस्तीचे गाव. १९४९ साली दोन स्पर्धक लीग एकत्र येऊन राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना, म्हणजे एन. बी. ए., ह्या नावाने सतरा संघांचा पहिला हंगाम झाला, तेव्हा ही सर्व गावे तीत होती.

एका वर्षात चित्र बदलले. पुढील हंगामास अकरा संघ उरले. शिबॉयगन, अँडरसन आणि वॉटर्लू बाहेर पडले. रॉचेस्टरचा संघ १९५७ साली सिनसिनाटीला गेला. झोलनर ह्यांनीही त्याच वर्षी आपला संघ डेट्रॉइटला नेला. पिस्टनचे गिऱ्हाईक, म्हणजे मोटारींचे कारखाने, तेथेच होते. संघाचे ‘पिस्टन्स’ हे नाव तेवढे कायम राहिले. १९६० मध्ये मिनिआपोलिसचा संघ लॉस एंजेलिसला आणि १९६३ मध्ये सिराक्यूसचा संघ फिलाडेल्फियाला गेला. मध्यम शहरांचा काळ त्याबरोबर जवळजवळ संपला.

ह्या गावांतील लोकांचे खेळावर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. फोर्ट वेनचा प्रेक्षक डेट्रॉइटच्या प्रेक्षकापेक्षा कमी रसिक होता असे म्हणण्यास काही आधार नाही. बदलले ते हिशेब. जोपर्यंत सामन्याला येणाऱ्यांच्या तिकिटांवर आणि मालकाच्या हौसेवर संघ चालत होता, तोपर्यंत पाच हजार निष्ठावंत प्रेक्षक पुरेसे होते. प्रवास विमानाने होऊ लागला, खेळाडूंचे वेतन वाढले आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा पैसा महत्त्वाचा झाला. तेव्हा सभागृहात न येणारा प्रेक्षकच अधिक मोलाचा ठरला. तो मोठ्या शहरात अधिक असतो.

एका संघाचा प्रवास

तथापि मोठे शहर म्हणजे योग्य शहर, असा सोपा नियमही टिकत नाही. १९८८ व १९८९ ह्या दोन वर्षांत एन. बी. ए. ने चार नवे संघ घेतले: शार्लट, मायामी, मिनेसोटा आणि ऑरलँडो. प्रवेशशुल्क प्रत्येकी ३ कोटी २५ लाख डॉलर होते. ह्यांपैकी शार्लटविषयी जाणकारांना शंका होती. शहर मध्यम, शेजारी महाविद्यालयीन बास्केटबॉलची जबरदस्त परंपरा. धंदेवाईक संघाकडे कोण येणार, असे विचारले जात असे. प्रत्यक्षात सुमारे चोवीस हजार आसनांचे तेथील सभागृह भरून वाहू लागले आणि कित्येक हंगाम शार्लट प्रेक्षकसंख्येत सर्व लीगमध्ये पहिले राहिले.

एवढे होऊनही २००२ साली तो संघ शार्लट सोडून गेला. मालकाविषयी शहराचे मन कलुषित झाले होते. मालकाला नवे सभागृह हवे होते. ते सार्वजनिक पैशातून बांधावे काय, ह्यावर २००१ साली मतदान झाले आणि नागरिकांनी नकार दिला. संघ न्यू ऑर्लिअन्सला गेला. (दोनच वर्षांनी, २००४ साली, शार्लटला दुसरा नवा संघ देण्यात आला. त्याचे शुल्क मात्र ३० कोटी डॉलर होते.) न्यू ऑर्लिअन्समध्ये २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅट्रिना वादळाने हाहाकार केला. संघाला आसरा हवा होता. तो ओक्लाहोमा सिटीने दिला. दोन हंगाम ‘पाहुणा’ संघ तेथे खेळला आणि ज्या शहराचा कोणी गंभीरपणे विचार केला नव्हता तेथे सामन्यांना गर्दी होते, हे सर्वांना दिसले.

पाहुणे २००७ मध्ये परत गेले. परंतु ओक्लाहोमातील धनिकांनी तत्पूर्वीच, २००६ साली, सिॲटलचा संघ विकत घेतला होता. सिॲटल हे कितीतरी मोठे आणि श्रीमंत शहर. तेथील संघ १९६७ पासूनचा, १९७९ चा विजेता. तेथे सभागृहासाठी सार्वजनिक पैसा मिळेना. उलट २००८ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी सभागृहाच्या सुधारणेसाठी विक्रीकर स्वीकारला आणि त्याच वर्षी संघ तेथे गेला. ह्या प्रकरणात सिॲटलच्या प्रेक्षकांवर अन्याय झाला असे म्हणावे लागते, कारण चाळीस वर्षांच्या निष्ठेला हिशेबात कोठेच जागा नव्हती. पण शहरनिवडीचे खरे निकष कोणते, हेही ह्या प्रवासातून जेवढे स्पष्ट दिसते तेवढे कोणत्याही अहवालातून दिसत नाही. मालक कोण, सभागृह कोणाचे, आणि तूट आली तर ती कोण सोसणार, हे तीन प्रश्न लोकसंख्येच्या आधी येतात.

भारतातील याद्या

भारतात बास्केटबॉल वाय. एम. सी. ए. ह्या संस्थेच्या द्वारा आला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. ह्या सर्व काळात खेळाडूचा ‘मालक’ म्हणजे त्याला नोकरी देणारी संस्था होती: रेल्वे, सेनादल, पोलीस, बँक, पोलाद कारखाना. धंदेवाईक लीगचा प्रयत्न २०१५ साली सुरू झाला. त्या लीगच्या आठ संघांना मुंबई, पुणे, दिल्ली, पंजाब, हरियाणा, बंगळूर, चेन्नई व हैदराबाद अशी नावे होती. ती दोन-तीन वर्षांतच थांबली. २०२२ साली महासंघाच्या पाठिंब्याने दुसरी लीग निघाली. तीत चेन्नई, कोची, बंगळूर, मुंबई, दिल्ली व चंडीगड असे सहा संघ होते. २०२५ च्या आरंभी पंचवीस वर्षांखालील खेळाडूंसाठी जी स्पर्धा झाली, तीत हैदराबाद आणि गुजरात ही नवी नावे आली.

ह्या याद्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, मध्य भारत त्यांत नाही; नागपूर नाही, रायपूर नाही, भिलाईही नाही. दुसरी, संघाच्या नावात शहर असले तरी संघ त्या शहरात खेळेलच असे नव्हते. २०२२ च्या लीगचे टप्पे कोची, जयपूर, पुणे अशा ठिकाणी झाले. त्यांतील जयपूर व पुणे ह्यांचा स्वतःचा संघच त्या यादीत नव्हता. खर्च वाचविण्यासाठी हे समजण्यासारखे आहे. परंतु चंडीगडच्या प्रेक्षकाने चंडीगडचा संघ जर दूरचित्रपटावरच पाहावयाचा असेल, तर शहर हे केवळ गणवेशावरील अक्षर उरते.

भिलाईचा दावा

भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामगारांच्या मुलांना खेळ मिळावेत, हा नगरीच्या योजनेचाच भाग होता. त्यातून जे अनेक खेळ रुजले, त्यांत मुलींच्या बास्केटबॉलला असामान्य यश आले. २००० साली छत्तीसगड राज्य निर्माण झाल्यावर हे यश राष्ट्रीय स्पर्धांच्या निकालांत दिसू लागले. लहान, नवे राज्य असूनही त्याच्या मुलींचे संघ वर्षानुवर्षे पदकांच्या स्पर्धेत राहिले. ह्यामागे प्रशिक्षक राजेश पटेल ह्यांचे अविरत परिश्रम होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले. दूरच्या गावांतील उंच आणि गरीब मुली शोधून आणणे, त्यांच्या निवासाची व्यवस्था करणे, शिक्षण व सराव ह्यांची सांगड घालणे, ही त्यांची पद्धत होती. कानपूरची जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी हीदेखील शिकण्यासाठी भिलाईसच आली. पलीकडे राजनांदगावला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तेथेही हाच खेळ प्रमुख आहे. म्हणजे नागपूर–रायपूर लोहमार्गावरील हा पट्टा बास्केटबॉलचा पट्टा होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे दाव्यातील पहिला पेच येतो. वर सांगितलेल्या भारतीय लीग मुख्यतः पुरुषांच्या होत्या. भिलाईची कीर्ती मुलींची आहे. पुरुषांचा संघ भिलाईला देणे म्हणजे एका घराण्याचा वारसा दुसऱ्याच्या नावे करण्यासारखे होईल.

दुसरा पेच अधिक खोल आहे. भिलाईत तयार झालेली खेळाडू पुढे कोठे जाते? पुष्कळदा रेल्वेत. बिलासपूर येथे मुख्यालय असलेला दक्षिण पूर्व मध्य रेल्वे हा विभाग २००३ साली सुरू झाला आणि चांगल्या खेळाडूंना घराजवळच नोकरीची वाट मिळाली. ज्या मुलीच्या घरी नियमित उत्पन्न नाही, तिला कायमची नोकरी, घर, औषधोपचार व महिन्याच्या महिन्याला पगार हे एखाद्या लीगच्या तीन महिन्यांच्या करारापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते, आणि त्यात तिची मुळीच चूक नाही. नव्या संघाचे खरे प्रतिस्पर्धी दुसऱ्या शहराचे संघ नव्हेत. रेल्वेचे नेमणूकपत्र हा त्याचा प्रतिस्पर्धी आहे.

हिशेब उदाहरणादाखल करून पाहता येईल. तीन हजार आसनांचे सभागृह, वर्षाला घरचे दहा सामने आणि तिकीट शंभर रुपये धरले, तर प्रत्येक आसन भरले तरी वर्षाची प्राप्ती तीस लाख होईल. बारा खेळाडूंना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावयाचे म्हटले तर साठ लाख लागतील. प्रवास, प्रशिक्षक, सभागृहाचे भाडे ह्यांचा त्यात समावेश नाही. पाळ्यांत काम करणाऱ्या शहरात प्रत्येक आसन भरेल हे गृहीत धरणेही धाडसाचे आहे. संध्याकाळी सात वाजता सामना ठेवला की दुसऱ्या पाळीचा कामगार त्याच वेळी भट्टीवर असतो. तेव्हा तिकिटांवर संघ चालणार नाही, हे स्पष्ट आहे. उरलेला पैसा कोणी तरी दिला पाहिजे.

हा ‘कोणी तरी’ मिळाला तर काय होते, त्याचे उदाहरण भिलाईसारख्याच एका पोलादनगरीत आहे. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने २०१७ साली नव्या संघांसाठी दहा शहरांची यादी जाहीर करून निविदा मागविल्या. त्या यादीत अहमदाबाद, कोलकाता, हैदराबाद ह्यांसारखी मोठी शहरे होती आणि जमशेदपूरही होते. निवड झाली ती बंगळूर व जमशेदपूर ह्यांची. २०११ च्या जनगणनेत जमशेदपूर नागरी समूहाची वस्ती सुमारे १३ लाख ४० हजार होती, आणि दुर्ग–भिलाईची सुमारे १० लाख ६४ हजार. फरक मोठा नाही. पण जमशेदपूरसाठी अर्ज करणारी टाटा स्टील होती; तिच्याजवळ स्वतःचे क्रीडासंकुल होते आणि १९८७ पासून चालविलेली फुटबॉल प्रबोधिनी होती. मालक, मैदान आणि खेळाडू घडविण्याची व्यवस्था हे तिन्ही एकाच हाती होते.

भिलाईचा कारखाना सार्वजनिक क्षेत्रातील आहे. खेळावर खर्च तोही करतो. परंतु धंदेवाईक संघ विकत घेणे, त्यात तोटा सोसणे आणि लेखापरीक्षकाला त्याचे कारण देणे ही निराळी गोष्ट होय. शिवाय कारखान्यातील कामगारांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच घटली आहे. नगरीतील क्रीडाव्यवस्था ज्या मनुष्यबळावर उभी राहिली, तेच आटत आहे. सर्व भार एका कारखान्यावर टाकणे ह्यापुढे शहाणपणाचे ठरणार नाही, हे फोर्ट वेनच्या उदाहरणाशिवायही कळण्यासारखे आहे.

महिलांच्या खेळात लहान गावाला संघ टिकविता येतो काय? अमेरिकेतील महिलांच्या लीगचा पहिला हंगाम १९९७ मध्ये झाला. २००३ साली ऑरलँडोचा संघ कनेटिकट राज्यातील अंकसव्हिल ह्या लहानशा वस्तीत गेला. मोहेगन ह्या आदिवासी जमातीने तो घेतला आणि आपल्या मनोरंजनगृहाच्या आवारातील सभागृहात वसविला. सभागृह स्वतःचे होते, येणारे लोक इतर कारणांनीही येतच होते. त्यामुळे संघ दोन दशकांहून अधिक काळ तेथे तग धरून राहिला. परंतु लीगचे मूल्य वाढताच मोठ्या शहरांची नजर त्याच्यावर गेली. २०२५ साली तो बॉस्टनला नेण्याच्या प्रस्तावाची उघड चर्चा झाली. त्याच वर्षी जूनमध्ये लीगने क्लीव्हलँड, डेट्रॉइट व फिलाडेल्फिया ह्यांना नवे संघ जाहीर केले; प्रत्येकाचे शुल्क वृत्तांनुसार २५ कोटी डॉलर होते. खेळ गरीब असताना लहान गाव त्याला सांभाळते आणि तो श्रीमंत झाला की मोठे शहर त्याला बोलावते, ही शक्यता भिलाईनेही ध्यानात ठेवावी.

मग मध्य भारतात एखादा नवा संघ द्यावयाचा झाला तर? पुरुषांच्या संघासाठी नागपूरचा दावा वजनदार आहे. सुमारे २५ लाखांची वस्ती, मानकापूरचे बंदिस्त क्रीडागृह, विमानाची सोय आणि महाविद्यालयीन तरुणांचा मोठा वर्ग, हे सर्व तेथे आहे. रायपूर राजधानी आहे, बलबीरसिंग जुनेजा क्रीडागृह तेथे आहे, आणि राज्यशासनाचे दार जवळ आहे. भिलाई रायपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असल्यामुळे काही जण संघ रायपूरला आणि सराव भिलाईला, अशी तडजोड सुचवितील. ती कागदावर चांगली दिसते. पण तिच्यात भिलाईच्या मुली पुन्हा एकदा दुसऱ्या गावाच्या नावाने खेळतील.

महिलांच्या संघासाठी मात्र भिलाईइतका सबळ दावा ह्या प्रदेशात दुसऱ्या कोणत्याही शहराचा नाही. तो मान्य करताना तीन अटी घालाव्या लागतील. खेळाडूंशी होणारा करार हंगामापुरता नसून वर्षभराचा असावा आणि तिच्या असलेल्या नोकरीतून खेळण्यास रजा मिळण्याची तरतूद आधीच झालेली असावी. पहिल्या तीन वर्षांची तूट कारखाना, महानगरपालिका, राज्यशासन व खाजगी उद्योजक ह्यांनी लेखी वाटून घेतलेली असावी. तिसरी अट दिसायला क्षुल्लक आहे: निम्मी तिकिटे रुळांच्या उत्तरेस विकली जावीत. सुपेला, वैशाली नगर येथील दुकानांतून हंगामाची तिकिटे आगाऊ किती खपतात, हे दोन महिन्यांत पाहता येईल. ओक्लाहोमा सिटीची परीक्षा एका वादळाने घेतली. येथे ती दोन-चार प्रदर्शनी सामन्यांनी घेता येईल. त्यांसाठी रेल्वेत नोकरीला गेलेल्या भिलाईच्याच जुन्या खेळाडूंना बोलवावे. त्या आल्या, तर सेक्टरांतील म्हाताऱ्यांना त्यांची नावे अजून आठवतात की नाही, आणि वैशाली नगरातील पोरांना ती ठाऊक आहेत की नाही, तेही त्या संध्याकाळी समजेल.